उतारावर मोजलेले तेल

महाबळेश्वरला आलेली माणसे बहुधा तिथूनच माघारी वळतात. पश्चिमेच्या कड्यावर उभी राहून खालचे कोकण पाहतात, भाजलेले कणीस खातात आणि गाडी पुन्हा वाईच्या दिशेने काढतात. त्या कड्याखाली जो रस्ता उतरतो, तो आंबेनळीचा घाट. तो पोलादपूरला पोचतो आणि तिथून महाड जवळ आहे. गेल्या फेब्रुवारीत मी साताऱ्याहून त्या वाटेने गेलो, तीन दिवस तिकडे राहिलो आणि परत आलो. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहावे असे तिथे पुष्कळ आहे. मी जे लिहिणार आहे, त्यात मात्र प्रेक्षणीय थोडे आणि लाजिरवाणे अधिक आहे. हे आरंभीच सांगून ठेवणे बरे.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. महाडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाह्य परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली होती. दोन दिवसांचे काम होते. एस.टी.ने गेलो असतो तर हे लिहिण्याची वेळ आली नसती. पण घरी बारा वर्षांची डिझेल जीप होती आणि घाटाचा मोह होता.

आंबेनळी

निघायच्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे अंगणात जीपचे बॉनेट उघडले. तेल मोजायची पट्टी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली आणि पुन्हा काढून उजेडात धरली. तेल खालच्या खुणेशी आले होते. घाट उतरायचा आहे, या विचाराने मी नेहमीपेक्षा थोडे अधिकच ओतले. या बाबतीत मी फार काटेकोर होतो आणि मला त्याचा अभिमान होता.

या जीपवर सहा वर्षे गणपत नावाचा चालक होता. तो पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीचा. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, तिला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावे लागे आणि मला गाडी चालवता येत नसे. गणपत आईला दोन्ही हातांवर उचलून पायऱ्या उतरवी. आई गेल्यावरही तो राहिला. त्याच सुमारास मी स्वतः तेल मोजू लागलो आणि ते कमी भरू लागले. जमिनीवर एक थेंब सांडलेला दिसत नसे, पण दर आठवड्याला पट्टी कोरडी होत जाई आणि मी तेल घाली.

एका दुपारी मी अवेळी घरी परतलो, तेव्हा गणपत जीपखाली उताणा पडून इंजिनाच्या चेंबरचा नट सैल करून काळे तेल डब्यात घेत होता. मला पाहून तो दचकला नाही. "जास्त झालंय, सर. काढतोय," एवढेच म्हणाला. मी त्याच सकाळी मोजले होते आणि ते कमी भरले होते. मी त्याला काही विचारले नाही. मी आवाज चढवणारा माणूस नाही आणि या गुणाबद्दल लोक माझी स्तुती करतात. महिनाअखेर मी त्याला सांगितले की आता मीच गाडी शिकतो आहे, तेव्हा तुझी गरज उरणार नाही. त्यानेच मला पंधरा दिवस गाडी शिकवली आणि तो गेला.

पुढे तीन महिन्यांनी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने मला पत्र लिहून त्याच्याविषयी विचारणा केली. मी उत्तर दिले: "गाडी उत्तम चालवतात. स्वभावाने नम्र. तेलाच्या बाबतीत लक्ष ठेवावे." पाकिटात घालण्यापूर्वी मी ते तीनदा वाचले. शेवटचे वाक्य पुरेसे सौम्य आहे, असे मला वाटले होते. त्याला ती नोकरी मिळाली नाही, हे वर्षभराने त्याच्या गावचा एक माणूस साताऱ्याच्या बाजारात भेटला तेव्हा कळले.

आणि आणखी एक गोष्ट. गणपत गेल्यानंतरही तेल कमी होतच राहिले. मी मनाशी म्हटले, इंजिन म्हातारे झाले. चोर गेला आणि चोरी चालू राहिली, तर शहाण्या माणसाने काय समजावे? मला ते चार वर्षे समजत होते. मी त्याच्याकडे पाहिले नाही, इतकेच.

असो. घाट सुंदर होता. फेब्रुवारीत तिथले गवत वाळून पिवळे झालेले असते आणि त्या पिवळ्या उतारांवर एखादी काटेसावर पानांवाचून नुसती फुललेली दिसते. प्रतापगडाचा फाटा मागे टाकल्यावर एका वळणावर ताक विकणारी बाई बसली होती. तिच्याकडे मी थांबलो. तिने पेला भरता भरता माझ्या गाडीच्या मागे पाहिले.

"धूर लय सोडतीय तुमची गाडी."

"जुनी आहे."

"जुनी माणसं बी येवढं नाय सोडीत," ती म्हणाली आणि ताकात मीठ टाकले.

धूर निळसर पांढरा होता. मी तो पाहिला आणि पुढे निघालो. घाट संपत आला असता, पोलादपूर थोडेच उरले असता, इंजिनाचा आवाज चढू लागला. माझा पाय पॅडलवर नव्हता. मी इंजिन बंद करायची खुंटी ओढली. आवाज आणखी चढला. आरशात मागचा रस्ता धुराने नाहीसा झाला आणि जीप स्वतःच्या मर्जीने पुढच्या वळणाकडे धावू लागली. त्या क्षणी गणपतचे एक वाक्य मला आठवले. गाडी शिकवताना तो म्हणाला होता, "डिझेल गाडी कधी येडी झाली तर खुंटी ओढत बसू नका, सर. ती आपलंच तेल पिऊन पळती. ब्रेक दाबा, वरच्या गिअरात घाला नि क्लच सोडा." मी तसे केले. जीप दोन मोठे आचके देऊन कठड्यापासून काही हातांवर बंद पडली.

मी बराच वेळ दगडावर बसून होतो. ज्याला मी चोर ठरवले होते, त्याच्या शिकवणुकीने मी जिवंत होतो. हा विचार मनात आला, तेव्हा त्यात कृतज्ञतेपेक्षा संकोच अधिक होता.

महाड

एका रिकाम्या ट्रकने दोर बांधून मला महाडला ओढत नेले. ट्रकवाल्यानेच जीप दाऊदभाईंच्या गॅरेजसमोर सोडली. दाऊदभाई साठीच्या आसपासचे, पांढऱ्या आखूड दाढीचे, मूळचे महाडचेच. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी सौदी अरेबियात दम्मामला ट्रकांची इंजिने दुरुस्त करण्यात घालवली होती. गॅरेजात त्यांचा एक कारागीर होता, अश्पाक नावाचा. त्याने बॉनेट उघडण्यापूर्वीच निदान केले.

"उस्ताद, इंजन गेलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या."

"रिंगा तुझ्या डोक्यातल्या गेल्या," दाऊदभाई म्हणाले. "आधी बघ, मग बोल."

त्यांनी एअर क्लीनरकडून इंजिनाकडे हवा नेणारी रबरी नळी सोडवली आणि खाली वाकवली. तिच्यातून काळे तेल धार धरून पडले. ज्या वाटेने केवळ हवा जायला हवी, त्या वाटेने पेलाभर तेल निघाले. मी ते पाहत उभा राहिलो.

"हे इथनं प्यायली नि पळाली," दाऊदभाई म्हणाले. "आता प्रश्न एवढाच, इथं आलं कुठनं. तुम्ही काय करता?"

"शिक्षक आहे."

"मग मास्तर, उद्या सांजचं या. घाई केली की पोट फाडायला लागतं, नि पोटात काय नसतं."

मुक्कामाची सोय चवदार तळ्याजवळच्या एका लॉजवर होती. संध्याकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. महिन्याभराने तिथे पाऊल ठेवायला जागा उरणार नाही, असे लॉजवाला म्हणाला होता. त्या संध्याकाळी मात्र तिथे दोन म्हातारे आणि मी, एवढेच होतो. ज्या पाण्याला हात लावायला माणसांना झगडावे लागले, ते पाणी समोर निवांत पडलेले होते. साताऱ्याला आमच्या घरात अशा गोष्टींवर फार चांगले बोलले जाते. मीही बोलतो. बोलण्यात मी कोणाचा अपमान केलेला नाही.

जेवणाविषयी लिहायला हवे. आमच्याकडे ज्वारीची भाकरी हे अन्न आणि भात ही शेवटच्या दोन घासांची गोष्ट. इथे भाकरीसुद्धा तांदळाची, पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली, आणि तिच्याबरोबर वालाचे बिरडे. वालाची किंचित कडसर चव मला पहिल्या घासाला आवडली नाही, तिसऱ्याला आवडली. वाढणाऱ्याने विचारले, "पावणे, कुठले?" मी सातारा म्हटल्यावर तो म्हणाला, "मग तिखट कमी वाटंल." वाटले नाही.

दुसरा दिवस

परीक्षेची पहिली तुकडी आटोपून चारच्या सुमारास मी गॅरेजात गेलो. दाऊदभाईंनी नळ्या धुऊन, आतले तेल काढून जीप तयार ठेवली होती. शेजारी एक पत्र्याची बादली होती आणि तिच्यात काळे तेल.

"हे तुमच्या चेंबरमधनं काढलं," ते म्हणाले. "मावतं सहा लिटर. निघालं आठच्या वर. तेही तुम्ही वाटेत येवढा धूर केल्यावर."

मी म्हणालो, असे होणे शक्य नाही. मी स्वतः रोज मोजतो.

"ते नंतर बघू. आधी रिंगा बघू, नायतर अश्पाकला झोप येणार नाय."

त्यांनी मोजून सहा लिटर नवे तेल घातले आणि इंजिन चालू केले. तेल ओतायच्या भोकाचे झाकण काढून त्यावर एक जुने पोस्टकार्ड ठेवले. पोस्टकार्ड नुसते थरथरत राहिले.

"रिंगा गेल्या असत्या तर खालनं हवा मारली असती. कार्ड उडून अश्पाकच्या तोंडावर बसलं असतं. इंजन धडधाकट हाय."

मग त्यांनी ब्रीदर दाखवला. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर पडावी म्हणून एक बारीक नळी असते. तिचे दुसरे टोक त्या हवेच्या नळीला जोडलेले असते. त्यांनी ती काढून तोंडाने फुंकली. ती साफ होती.

"ही तुंबलेली नाय. इंजन झिजलेलं नाय. मग तेल हवेच्या वाटेनं का गेलं? पोटात जागा नव्हती म्हणून. जास्तीचं झालं की आतला दांडा ते घुसळतो, फेस होतो नि ह्या नळीनं वर चढतो. तुम्ही ओतायचं, तिनं वकायचं. वकलेलं परत प्यायचं नि जाळायचं. तुम्ही म्हणणार कमी झालं, परत ओतायचं. किती वरसं चाललंय?"

मी बादलीतल्या तेलाकडे पाहिले.

"मास्तर, घरी गाडी उभी कुठं करता?"

"अंगणात."

"अंगण कसं हाय?"

आमचे घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे. तिथे सगळीच अंगणे चढाची. जीप तोंड वर करून उभी असते. मी हे सांगू लागलो आणि सांगता सांगता थांबलो.

दाऊदभाईंनी अश्पाकला हाक मारली. दोघांनी जॅक लावून जीपची पुढची बाजू हातभर उचलली. त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. "मोजा. तुम्ही मोजता तसंच."

मी पुसली, घातली, काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. जीप खाली उतरवल्यावर पुन्हा मोजले. वरच्या खुणेवर बरोबर. तेलाची पट्टी या इंजिनाच्या पुढच्या अंगाला आहे. गाडीचे तोंड वर गेले की तेल मागे सरकते आणि पुढे उथळ होते. माझ्या पहिल्या वर्षाच्या तासाला मी हेच काचेच्या नळीत रंगीत पाणी घेऊन दाखवतो. सत्तावीस वर्षे दाखवत आलो आहे.

"पाणी आपली पातळी धरतं, हे शाळेत शिकवतात ना अजून?" दाऊदभाईंनी विचारले. त्यांनी ते हसत विचारले. त्यात डंख नव्हता. मग पट्टी पुसता पुसता ते सहज म्हणाले, "तुमच्याकडं डायवर नव्हता कधी? कोणी सांगितलं नाय?"

"सांगितले होते," मी म्हणालो. "एकदा म्हणाला, सर, खाली रस्त्यावर नेऊन मोजा. एकदा जास्तीचे काढत होता. मी त्याला कामावरून कमी केले."

"कुठला?"

"पोलादपूरकडचा. गणपत."

दाऊदभाईंनी पट्टी जागेवर घातली.

"बिरवाडीत खोली होती त्याची," ते म्हणाले. "कारखान्याच्या आशेवर चार-सहा महिने ऱ्हायला होता. तिथले डायवर त्याला तेलखाऊ म्हणायचे. कंपनीत कुठनं तरी कागद आला होता म्हणे. माझ्याकडं आला काम मागायला, हात बघितला मी त्याचा, चांगला हात होता. पण ठेवला नाय. म्हंटलं, तेलाचा धंदा आपला, तेलखाऊ कशाला घ्या." त्यांनी हात फडक्याला पुसले. "कागद तुमचा होता?"

"माझा."

"म्हंजे आता माझा पण झाला," ते म्हणाले आणि अश्पाकला चहा सांगायला पाठवले. चहा आला. आम्ही दोघांनी तो एकमेकांकडे न बघता प्यायला.

तिसरा दिवस

सकाळी परीक्षेची दुसरी तुकडी होती. तोंडी परीक्षेत माझा एक ठरलेला प्रश्न असतो: कोणतेही उपकरण वापरण्यापूर्वी सर्वांत आधी काय कराल? "समतल करू," असे उत्तर अपेक्षित असते, आणि जे विद्यार्थी ते देत नाहीत त्यांचे गुण मी आजवर कापत आलो. त्या सकाळी हा प्रश्न माझ्याच्याने विचारवला नाही. परीक्षक एकाएकी मवाळ कसे झाले, याचे तिथल्या शिक्षकांना नवल वाटले असावे.

दुपारी जीप घेऊन निघालो. दाऊदभाईंनी निरोप दिला तो असा: "त्याला सांगा, माझ्याकडं जागा हाय. येईल असं नाय वाटत. पण सांगा."

पोलादपूर सोडून घाटाच्या रस्त्याला लागल्यावर एका फाट्यावर कच्चा रस्ता फुटतो. वाडीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जिथे कच्चा रस्ताही संपतो, तिथे एक जवळजवळ नवी जीप उभी होती आणि तिच्या काचेवर वाडीच्या मुंबईकर मंडळाचे नाव रंगवलेले होते. या भागात घरटी एक माणूस मुंबईला असतो आणि गावचे सगळे निर्णय तिथल्या मंडळाच्या बैठकीत होतात, देवळाच्या कौलांपासून लग्नाच्या तारखांपर्यंत. आमच्याकडे गाव तालुक्याकडे बघतो. इथला गाव मुंबईकडे बघतो. मी माझी जीप सपाट जागा शोधून उभी केली आणि चढू लागलो.

तासाभराची चढण होती. खाचरांमधून भाताच्या रोपांसाठी राब भाजले होते. पाल्याची राख आणि शेणाचा उग्र, कोरडा वास सगळ्या उतारावर भरून राहिला होता. आकाश स्वच्छ असूनही धुरामुळे उजेड मळका वाटत होता. मला वाटेत कोणी भेटू नये असे वाटत होते आणि कोणी भेटले नाही.

गणपतचे घर वाडीच्या टोकाला, कारवीच्या कुडाचे, पुढे ओसरी आणि लागून गोठा. त्याची बायको यमुना ओसरीवर बसून नाचणी पाखडत होती. मी तिला साताऱ्याला एकदा पाहिले होते. तिने मला ओळखले, पण आश्चर्य दाखवले नाही. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि गूळ आणून ठेवला आणि पुन्हा सूप हातात घेतले. थोड्या वेळाने गणपत वैरणीचा भारा घेऊन आला. चार वर्षांत तो दहा वर्षांनी थकला होता.

"सर? चालत आलात?"

"जीप खाली ठेवली आहे."

"हँडब्रेक ओढलाय ना?" त्याने विचारले आणि मग भारा खाली टाकला.

मी वाटेत वाक्ये जुळवत आलो होतो. त्यांतले एकही उपयोगी पडले नाही. मी सांगितले की तुमचे म्हणणे खरे होते. तेल जास्तच होत होते. मी उतारावर मोजत होतो. तुम्ही काही घेतले नव्हते, चूक माझी होती आणि ते पत्र मी लिहिले होते.

"मला 'तुम्ही' म्हणू नका, सर. नवीन वाटतं," गणपत म्हणाला. मग ओसरीच्या कडेला बसला. "पत्राचं ठाऊक होतं."

"मी आता कारखान्याला आणि तुमच्या मंडळालाही लिहितो. सगळे स्पष्ट लिहितो."

"लिहू नका," तो चटकन म्हणाला. मग आवाज खाली आणून पुन्हा म्हणाला, "लिहू नका, सर. गावाची जीप आली ती मला चालवायला द्यायची होती. मंडळाची माणसं हितं आली, ह्याच ओसरीवर बसली. विचारलं, गणपत, ते तेलाचं खरं काय? मी म्हंटलं, खोटं हाय. त्यांनी हिच्याकडं बघितलं. ही गप. जीप दिली दुसऱ्याला." तो बायकोकडे न बघता बोलत होता. "मी खाल्लं नाय हे मला ठाऊक हाय. मला काय सांगताय? सांगायचं तर हिला सांगा."

यमुनाचे सूप चालूच होते. मी तिच्याकडे वळून तेच पुन्हा सांगू लागलो. तिने मला मध्येच थांबवले.

"मला काय सांगायचंय. मी डोळ्यांनी बघितलंय." तिने हनुवटीने गोठ्याकडे खूण केली.

गोठ्याचे चारही खांब जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत काळे आणि तुळतुळीत होते. इंजिनातले जुने तेल लाकडाला चोपडले की वाळवी लागत नाही. खेड्यापाड्यांत हे सगळे जाणतात.

"दोनदा डबा आणला त्यांनी एस.टी.तनं. मी विचारलं, कुणाचं? म्हणले, सरांच्या गाडीचं. सरांनी दिलं? म्हणले, नाय, जास्तीचं होतं, काढून टाकायचंच होतं. म्हंटलं, टाकायचं तर त्यांच्या आवारात टाका. दुसऱ्याचं आपल्या गोठ्याला कशाला." तिने सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. "मग कारखान्याचं तसं झालं. मी म्हंटलं, झालं ते बरोबर झालं. मंडळाची माणसं बसली तवा खांब समोर होते. खोटं कसं बोलू?"

"वहिनी, ते वाया गेलेले तेल होते. ते माझ्या काहीच कामाचे नव्हते."

"असंल. पण दिलं होतं का तुम्ही?"

"नाही. विचारले असते तर दिले असते."

"त्यांनी विचारलं नाय," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "तुम्ही बी नाय विचारलंत, डबा कशाला म्हणून."

"नाही विचारले."

गणपत पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. यमुनाने सूप खाली ठेवले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिले.

"मग आता दिलंत का?"

"दिले."

"मला नको. त्यांच्याकडं बघून सांगा."

मी गणपतकडे वळलो. आयुष्यात मी अनेक गोष्टी लोकांना दिल्या आहेत, पुस्तके, गुण, सल्ले. त्यांतले काहीच देताना इतके जड गेले नव्हते. "गणपत, ते तेल मी तुला दिले," मी म्हणालो. त्याने मान हलवली. डोळे वर केले नाहीत.

"बरं," यमुना म्हणाली.

मला वाटले, संपले. दाऊदभाईंचा निरोप आता सांगावा, असे मनात आले आणि मी तो सांगितलाही. गणपत म्हणाला, म्हशी सोडून कुठं जाऊ, आणि बहुधा दाऊदभाईंना जे वाटत होते तेच खरे होते. यमुना त्या बोलण्यात नव्हती. ती खांबांकडे पाहत होती.

"म्हंजे ती माणसं इथं बसली होती," ती हळूच म्हणाली, "तवा ह्यांचं खरं होतं. ह्यांनी खाल्लं नव्हतं."

गणपत भाऱ्याची गाठ सोडू लागला.

"त्या माणसांनी माझ्याकडं बघितलं होतं. मी बोलले असते तर जीप ह्यांची होती."

मी घाईने म्हणालो, तुमचा दोष नाही, दोष माझा आहे. ते तिच्यापर्यंत पोचले नाही. मी उचलून आणलेले ओझे तिने बसल्या जागी घेतले होते आणि ते परत कसे मागावे हे मला कळेना. ती उठली, नाचणीचे सूप तसेच ठेवून आत गेली. गणपत तिच्या मागोमाग उठला.

"जाऊ दे गो," आतून त्याचा आवाज आला. "जाऊ दे. तुला कुठं ठाऊक होतं."



ऊन कलले होते. घाट चढून महाबळेश्वर गाठायचे तर लगेच निघायला हवे होते. पाण्याचा तांब्या पालथा ठेवावा, हाक न मारता उतरणीला लागावे आणि खाली गेल्यावर एखादे सविस्तर पत्र लिहावे, हे मला सहज जमले असते. मी पायांत चपला घातल्याही होत्या. त्या मी पुन्हा काढल्या आणि ती बाहेर येईपर्यंत ओसरीवर बसून राहिलो.